सावडीचा रिकामा रकाना

मला रिकामा रकाना बघवत नाही. मुळात स्वभाव तसा, आणि बावीस वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात लिपिक म्हणून काढल्यावर तो आणखी पक्का झालेला. हजेरीपत्रक असो, दाखल्यांची नोंदवही असो की घरच्या वाणसामानाची यादी, एखादी चौकट कोरी दिसली की घास चावताना खडा लागावा तसं होतं. या स्वभावापायी एका म्हातारीच्या जिवावर बेतायची वेळ आली. ते कसं, ते क्रमानं लिहून ठेवते.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. दूरशिक्षण होतं. किन्हवलीहून एका रविवाराआड मुरबाडला तासाला जायचं. वर्गातल्या मुली माझ्या मुलीच्या वयाच्या. सरसुद्धा माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिकवायचे मन लावून. दुसऱ्या वर्षाला सामाजिक मानवशास्त्राचा पेपर होता, त्यात क्षेत्रकार्य. एखाद्या लहान वस्तीत जायचं, घरोघर बसायचं, माणसं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत ते बघायचं आणि अहवाल लिहायचा.

मी विषय घेतला सावड. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे बायका मजुरी न घेता एकमेकींच्या शेतावर राबतात. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. जिचं शेत तिनं दुपारची भाकरी आणायची आणि बांधावर बसून सगळ्यांनी ती खायची, एवढाच नियम. माझं माहेर शेणव्याचं. लग्नापर्यंत दर आषाढात मी सावडीवर गेलेली. ओळखीचा विषय, काम झटपट होईल असा माझा अंदाज.

वस्ती निवडली तीही सोयीची. वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता सोडून अर्धा तास आत चाललं की एक पाडा लागतो, बावीस घरांचा. तिथली अंगणवाडी सेविका आमच्याच शाळेत शिकलेली, लग्न होऊन तिकडे गेलेली. ती बरोबर असली की कोणी दारातून परतवून लावणार नव्हतं.

ज्येष्ठातल्या दोन रविवारी मी बावीस घरं केली. गेल्या पावसाळ्यात तुम्ही कोणाच्या लावणीला गेलात, तुमच्याकडे कोण आलं, एवढंच विचारायचं. घरी येऊन मोठ्या कागदावर बावीस गोल काढले आणि जाणं-येणं बाणांनी जोडलं. कागद बाणांनी भरून गेला. मला कोण आनंद झाला. मग दिसलं की कडेच्या एका गोलाकडे एकही बाण जात नव्हता आणि तिथून एकही निघत नव्हता.

ते घर ओढ्याच्या बाजूचं, शेवटचं. एका विधवा म्हातारीचं. एकटी राहायची, अर्धा एकर खाचर होतं. ते ती एकटीच लावायची, वाकून वाकून, तीन आठवडे. मी गेले होते तेव्हा तिनं कोरा चहा विचारला होता, मी घाईत नको म्हटलं होतं.

सरांना कागद दाखवला. सर म्हणाले, "हे महत्त्वाचं आहे. असं का, हे शोधून काढा. पण जरा सांभाळून विचारा, मॅडम."

पहिलं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. दुसरं घेतलं नाही.

तिसऱ्या रविवारी गेले ती वहीत नवा रकाना आखूनच. मथळा लिहिला: शेवटच्या घराशी सावड का नाही? आणि तो प्रश्न एकवीस दारांत विचारला, एकाच्या पाठोपाठ एक, हातात पेन घेऊन. सेविका त्या दिवशी लसीकरणाला गेली होती, म्हणून एकटीच फिरले.

पहिल्या घरात म्हणाले, "म्हातारी हाय ती, तिला काय झेपतंय."

तिसऱ्या घरात एक बाई नुसतीच हसली आणि सासूकडे बघायला लागली.

सहाव्या घरात उत्तर आलं, "तिच्या हातचं खात नाय आमी." मी विचारलं, का? "नाय खात. पयल्यापासनं नाय."

दहाव्या घरात मला कळायला हवं होतं. तिथल्या आजीनं आवाज खाली नेऊन मलाच विचारलं, "बाय, तुमाला पण कोणी सांगितलं वाटतं?" मी म्हटलं, "नाही आजी, मी फक्त माहिती घेते." तिनं माझ्या वहीकडे पाहिलं आणि मान हलवली. चौदाव्या घरानंतर तर मला विचारावंच लागेना. दारात पोचायच्या आत उत्तर तयार असायचं. तिची नजर वाईट. तिचा नवरा असाच गेला. तिच्या घरावरून गाभण म्हैस नेऊ नये. एकवीस चौकटी भरल्या. संध्याकाळी एसटीत बसून मी त्या पुन्हा वाचल्या आणि मला वाटलं, काय सुंदर माहिती मिळाली.

आषाढ सरत आला. महिन्याची अवस, म्हणजे अमावास्या, गुरुवारी होती. तिच्या आधीच्या गुरुवारी दुपारी ऑफिसात सेविकेचा फोन आला. ती एवढ्या हळू बोलत होती की मी पंखा बंद केला.

"मॅडम, तुमी काय इचारून गेलात हो?"

"का गं? काय झालं?"

तिनं सांगितलं ते असं. म्हातारीच्या शेजारच्या घरातली सून सहा दिवस तापानं पडली होती. त्याच घरातली म्हैस आटली होती. सासूनं ठरवलं होतं की अवसेला देवऋषी भगताला बोलवायचं आणि हे कोणी केलं, त्याचं नाव त्याच्याकडून पाड्यासमोर काढून घ्यायचं. नाव कोणाचं निघणार ते आत्ताच सगळ्यांना ठाऊक होतं.

"आधी पण कुजबूज असायची, मॅडम. पण कोणी तोंडानं बोलायचं नाय. आता उघड बोलतात. म्हणतात, शाळेची बाय तालुक्याहून चौकशीला आली, घरोघर इचारलं आनि वहीत लिवून गेली. लिवलंय म्हणजे खरंच असणार."

   नाव निघालं की काय होतं ते या भागात वाढलेल्या कोणाला सांगावं लागत नाही. माराची वेळ आली नाही तरी पाणी बंद होतं, वाट बंद होते, घर सोडावं लागतं. त्या म्हातारीला जायला दुसरं घर नव्हतं, हे माझ्याच वहीत तेराव्या पानावर होतं.

घाबरले की मी यादी करते. त्या दिवशीही केली. पोलीस ठाण्याचा नंबर सगळ्यात वर लिहिला. खाली: सुनेला डॉक्टर. त्याच्याखाली: म्हातारी. म्हातारीच्या पुढे काय लिहायचं ते सुचेना.

शुक्रवारी किरकोळ रजा टाकली. सेविकेच्या मदतीनं सुनेला जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं. सासू बरोबर होती, तोंड फिरवून बसलेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि हिवताप सांगितला, गोळ्या दिल्या. मला वाटलं, सुटलो. बाहेर येऊन मी सासूला म्हटलं, "बघा मावशी, डासांमुळे झालंय."

"ते झालंच की," ती म्हणाली. "पण डास तिलाच बरा चावला? गोळ्या पण देऊ, अवसेला भगत पण बघल. दोनी केलेलं बरं."

त्या दोघींना घरी पोचवल्यावर मी सेविकेला बाजूला घेऊन विचारलं, पोलिसांना सांगायचं का? जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, मी वाचलाय.  ती म्हणाली, "सांगा. नंबर हाताशी ठेवाच. पण पोलीस येऊन जातील, मॅडम. चार दिवस सगळी गप बसतील. मग ती ओढ्यावर पाण्याला एकटीच जानार ना?"

"मग काय करू?"

"तुमी जे बोललात ते खोटं हाय असं दिसाया पायजे लोकांना. डोळ्यानं दिसाया पायजे."

मी काहीच बोलले नव्हते, नुसतं विचारलं होतं. पण तिचं बरोबर होतं.

शनिवारी यादीत म्हातारीच्या पुढे मी लिहिलं: रविवारी सावडीला जाणे.

सेविकेला फोन करून विचारलं, येशील का?  "मॅडम, तुमी संध्याकाळच्या एसटीनं जाल. माजं घर पाड्यात हाय. पोरी हायेत मला." मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच बोलले असते.

रविवारी सकाळी आठला मी म्हातारीच्या दारात उभी होते, जुनं लुगडं कासोटा घालून नेसलेली, प्लास्टिकचा कागद डोक्यावर. ती राबातली, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यातली, रोपं उपटून जुड्या बांधत होती.

"आजी, सावडीला आले."

तिनं वर बघितलं. "कोनाच्या?"

"तुमच्या."

"वही आनली काय?"

"नाही."

"मंग ये," ती म्हणाली आणि एक जुडी माझ्याकडे फेकली.

बावीस-तेवीस वर्षांनी चिखलात उतरले होते. तासाभरात कंबर बोलायला लागली. म्हातारी माझ्या दुप्पट वेगानं मागे सरकत होती आणि मधूनमधून टोमणा मारत होती. "अगो, रोप लावतेस का टाचनी टोचतेस? शेनव्याच्या पोरी असंच लावतात का?" शेजारच्या खाचरात सात-आठ बायकांची सावड चालली होती, त्यात तापानं पडलेल्या सुनेची सासूही होती. सगळ्यांचं बोलणं चालू होतं पण नजरा आमच्याकडे.

दुपारी म्हातारीनं बांधावर फडकं सोडलं. नाचणीच्या दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. तिनं एक भाकरी माझ्यापुढे धरली.

माझा हात थांबला.

मी तिथे कशासाठी आले होते ते मला पक्कं ठाऊक होतं. जगातल्या कुठल्या माणसाच्या नजरेनं म्हैस आटत नाही, हेही ठाऊक होतं. दोन वर्षांची पुस्तकं पाठ होती. तरी हात थांबला. शेणव्यात आमच्या आळीतही एक घर होतं, तिथल्या बाईनं दिलेलं खायचं नाही असं आई सांगायची. मुकाट्यानं आणून गाईला घालायचं. मी कधी का म्हणून विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीचं ते सगळं पोटातून वर आलं आणि हाताला धरून बसलं.

शेजारच्या खाचरातलं बोलणं बंद पडलं होतं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दोन श्वास असतील. म्हातारीनं ते पाहिलं. भाकरी मागे घेतली नाही. नुसती नजर खाली घातली. ती नजर आठवली की आजही मला बसल्या जागी उठावंसं वाटतं.

मी भाकरी घेतली आणि खाल्ली. मोठे मोठे घास करून, सगळ्यांना दिसेल अशी. मग दुसरीतली अर्धीही मागून घेतली.

संध्याकाळी निघताना सेविका वाटेत भेटली. तिनं शाबासकी दिली नाही. ती म्हणाली, "आता तुमाला काय होता कामा नये, मॅडम."

"म्हणजे?"

"तुमी तिच्या हातचं खाल्लं. आता अवसेपर्यंत सगळी तुमच्यावर नजर ठेवून बसतील. तुमाला नुसती सर्दी झाली तरी झालं."

हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

घरी पोचताच आल्याचा काढा प्याले, पाय गरम पाण्यात घालून बसले. नवरा म्हणाला, "एम.ए.चा अभ्यास भलताच अवघड दिसतो." मी हसले नाही. सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ तापमान मोजून कॅलेंडरवर लिहायला लागले. सोमवार दोन्ही वेळा ठीक. मंगळवारी सकाळी ठीक. मंगळवारी संध्याकाळी एकशे एक.

दिवसभर भिजलेलं सत्तेचाळीस वर्षांचं शरीर, चिखलातलं पाणी, याशिवाय दुसरं कारण नव्हतं. हे मी स्वतःला पाच-सहा वेळा सांगितलं. आणि सांगता सांगता मनाच्या एका कोपऱ्यातून ती भाकरी दिसत होती. त्या कोपऱ्याचीच मला तापाहून जास्त भीती वाटली. मीच जर असा विचार करते, तर एकवीस घरांना कोणत्या तोंडानं दोष द्यायचा?

बुधवारी सकाळी सेविकेचा फोन. "मॅडम, बऱ्या हायात ना? शेजारची सारखी इचारते, शाळेची बाय आली का कामावर, दिसली का कोणाला."

"ठणठणीत आहे," मी म्हटलं. "आज येतेच तिकडे. सुनेची तब्येत बघायला."

तापाची गोळी घेतली. केस नीट विंचरले, पावडर लावली, चांगली साडी नेसले. सरळगावपर्यंत जीप, पुढे एसटी, पुढे अर्धा तास पायी. त्या अर्ध्या तासात तीनदा बसले. पाडा दिसायला लागल्यावर मात्र ताठ झाले.

सून ओटीवर उठून बसली होती, पेज पीत होती. ताप उतरला होता. सासूनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"डोळं लाल दिसतात गो, बाय."

"एसटीत खिडकीशी बसले होते."

"आनि आवाज?"

"शाळेत पोरांवर ओरडून ओरडून. तुम्ही एक दिवस या ऑफिसात, तुमचाही बसेल."

बाजूची एक बाई फस्सकन हसली. सासू हसली नाही, पण बघणं सोडलं. मी तिथूनच म्हातारीला हाक मारली, "आजी, चहा ठेवा, पहिल्या वेळचा राहिलाय माझा!" आणि सगळ्यांच्या देखत तिच्या ओटीवर जाऊन बसले.

तिनं कोरा चहा आणला. कप देताना तिची बोटं माझ्या हाताला लागली आणि तिथेच राहिली. तिचा चेहरा उतरला. असा घाबरलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. अवसेची, भगताची गोष्ट तिच्या कानावर होतीच, तरी रविवारी ती मला टोमणे मारत होती. 

"बाय," ती पुटपुटली, "तुजा हात तापलाय."

"गप्प बसा, आजी."

"माज्यामुळं गो?"

हा प्रश्न ती मला चिडवायला विचारत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांनी हात आखडता घेतला होता, कोण जाणे, तिलाही स्वतःची खात्री राहिली नसेल. आणि रविवारी मीही तेच केलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत.

"पावसामुळे," मी म्हटलं. "बैठ्या कामाची सवय मला. चिखलाची राहिली नाही. बसा इथे माझ्याजवळ आणि मोठ्यानं बोला काहीतरी."

ती बसली.  मग एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "लावनी तर काय तुला येत नाय! तू लावलेली रोपं मी सगळी परत लावली!" ओट्याओट्यावरून हसू फुटलं. मी चहा संपवला. कपाळावरचा घाम पदरानं पुसला तो उकाड्यानं आल्यासारखा.

गुरुवारची अवस मी अंथरुणात काढली, उशाशी फोन आणि पोलीस ठाण्याचा नंबर. संध्याकाळी सेविकेचा निरोप आला. सून बरी झाली, आता खर्च कशाला म्हणून तिच्या सासऱ्यानं भगताला बोलावलं नाही. यात माझा चहा किती कामाचा आणि डॉक्टरांच्या गोळ्या किती कामाच्या, ते मी सांगू शकत नाही.

पुढच्या रविवारी म्हातारी किन्हवलीत हजर. कोणालातरी विचारत विचारत दारात आली. "सावड हाय. फेडाया नको?" आमच्या दिराच्या शेतावर त्या दिवशी पाच बायका होत्या. त्यांना ती कोण, कुठली, काही ठाऊक नव्हतं. दुपारी एकीनं तिच्या पुढ्यातली चटणी न विचारता बोटानं चाटली आणि म्हणाली, "आजी, तुमच्यात तिखट जास्त पडलं काय?" म्हातारी भाकरी हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली.

अहवाल मी वेळेत दिला. तो रकाना आखला, मथळा दिला आणि खालच्या एकवीस चौकटी कोऱ्या ठेवल्या. वहीतली ती पानं आधीच चुलीत घातली होती. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "इथे माहिती मिळाली नाही का?" मी म्हटलं, "मिळाली होती, सर. विचारायचा अधिकार नव्हता." त्यांनी थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि पान उलटलं.

भीती मात्र गेली नाही. पाड्यात कोणी आजारी पडलं, एखादं जनावर मेलं, तर माझे शब्द पुन्हा कोणाच्या तरी तोंडी येतील. सेविकेचा फोन वाजला की पहिल्या तीन रिंगा मी उचलूच शकत नाही. काल वाजला तेव्हाही तसंच झालं.

"मॅडम, घाबरू नका, सगळं बरं हाय," ती म्हणाली. आता ती सुरुवात अशीच करते. "म्हातारी राब भाजते हाय. इचारते, औंदा तुमचा रविवार कुठला?"

"सांग, बघून कळवते."

"मी पण येते म्हटलं हाय तिला." तिनं आवाज खाली घेतला. "जेवाया मातर घरी जाईन. आत्ताच नाय जमायचं मला."

"चालेल," मी म्हटलं.

फोन ठेवून मोठा कागद काढला. शेवटच्या गोलापासून सेविकेच्या घरापर्यंत पेन्सिलीनं एक रेघ ओढली. बाणाचं टोक अजून काढलेलं नाही.